शालिग्रामने उसवलेला रफू

शालिग्राम शिंप्याच्या घरात जन्मला आणि पोलिसांच्या नोकरीत लागला, पण लाठी त्याने कधी हातात धरली नाही. धरली ती सुईच.

देवासला थोरल्या पातीच्या कचेरीमागे एक लांबट, बुटकी खोली होती. तिला एकच खिडकी आणि त्या खिडकीला अंगठ्याएवढ्या जाडीचे गज. चोरीचा, मारामारीचा, खुनाचा जो माल पकडला जाई तो खटल्याचा निकाल लागेपर्यंत या खोलीत राही. लोक तिला मालखाना म्हणत. शालिग्राम तिथला राखणदार होता. किल्ली त्याच्या करगोट्याला असे, आणि अंघोळ करतानाही ती तो सोडत नसे, असं त्याची बायको सुमंगला शेजारणींना सांगत असे.

मूळचा तो धारेचा. त्याचे आजोबा दरबारचे तंबू शिवत, वडील हत्तीच्या झुली शिवत. शालिग्रामपर्यंत येता येता हत्तीही कमी झाले आणि तंबूही. दुकान थोरल्या भावाकडे गेलं, आणि शालिग्राम सासुरवाडीच्या ओळखीवर देवासला आला. कचेरीत मुद्देमालाच्या पिशव्या शिवायला एक माणूस हवा होता. तो पिशव्या शिवता शिवता चिठ्ठ्या वाचायला शिकला, मग चिठ्ठ्या लिहायला शिकला, आणि एके दिवशी जुन्या राखणदाराने डोळे अधू झाले म्हणून किल्ली त्याच्या हातात दिली. त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती.

त्याच्या हातचं गाठोडं लांबूनही ओळखू येई. वस्तू जाड्या कापडात गुंडाळायची, चारी कडा शिवायच्या, शेवटच्या टाक्याचा दोरा बाहेर काढून त्यावर लाख ओतायची, आणि ओल्या लाखेवर फौजदाराने मोहर उठवायची. चिठ्ठी तो दोऱ्याने बांधत नसे, कापडालाच शिवून टाकी. त्याचे टाके जरा डावीकडे कललेले असत. दुसऱ्या कुणी गाठोडं उघडून पुन्हा शिवलं असतं, तर त्याला ते अंधारात बोट फिरवूनही कळलं असतं.

त्या खोलीत तो कधी एकटा नसे. माणसं भांडून निघून जातात आणि त्यांचं भांडण एखादा तांब्या भोगत बसतो, असं त्याला वाटे. फळीवर एक पितळी समई होती, तिच्यावर दोन सख्खे भाऊ हक्क सांगत होते. ती सहा वर्षं पेटली नव्हती. एक लहान पोराचा जोडा होता. एक आरसा होता, तो शालिग्रामने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, कारण उगाच कुणाकुणाला बघत बसणं आरशालाही नकोसं होत असेल. असल्या गोष्टी तो कुणापाशी बोलत नसे. फक्त फळ्या पुसताना हात जरा हळू चाले.

आणि एक शिडी होती. देवासला एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती; कुठे कुठे तर रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. चोराने शिडी थोरल्या पातीतून उचलली आणि लावली धाकट्या पातीतल्या घराला. आता मुद्देमाल कुणाचा? शेवटी ठरलं की सहा महिने शिडी इकडच्या मालखान्यात राहील आणि सहा महिने तिकडच्या. वर्षातून दोनदा शालिग्राम ती खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडी आणि पलीकडचा राखणदार पावती देई. एकदा पानवाल्याने विचारलं, "काय शालिग्रामभाऊ, लेक सासरी निघाली?" तेव्हा शालिग्राम मान डोलावून म्हणाला होता, "माहेरपण झालं तिचं."

एकोणीसशे सातच्या सालातली ही हकीकत. भादव्याच्या अखेरीस पोलिसांनी गणोजी नावाच्या गाडीवानाला पकडून आणलं. गणोजी सोनकच्छचा. त्याचा आजा पागेत घोडेस्वार होता. नातवाकडे दोन बैल उरले होते. देवासच्या मंडीच्या दारात कुणाची गाडी आधी आत जाणार यावरून त्याची आणि एका आडत्याच्या संताजी नावाच्या माणसाची जुंपली. त्या झटापटीत संताजीचं डोकं फुटलं, आणि एका कानाने ऐकू येईनासं झालं. संताजीचं म्हणणं, गणोजीने जुवाची खुंटी उपसून समोरून डोक्यात घातली. गणोजीचं म्हणणं, खुंटीला मी हातही लावला नाही. यानेच मला मागून धरलं, मी हिसडा दिला, तसा हा चाकावर जाऊन आदळला. ज्यांनी पाहिलं ते सगळे आडत्याच्या ओट्यावर बसणारे होते, आणि त्यांना काही आठवत नव्हतं.

मुद्देमालात दोन वस्तू आल्या. एक ती खुंटी आणि दुसरी गणोजीच्या अंगातली बंडी, कारण तिच्या डाव्या बाहीवर रक्त होतं. शिपायाने घाईघाईत पंचनामा लिहिला: बंडी एक, जाड्या कापडाची, जुनी, बाहीवर रक्ताचे डाग. शालिग्रामने ती शिवून बंद केली. कोठडीत गणोजी उघड्या अंगाने बसला होता. शालिग्रामने त्याला स्वतःचा जुना पंचा नेऊन दिला, तेव्हा तो म्हणाला, "भिया, म्हारी बंडी संभाळून ठेवा हां. फाटकी आहे पण म्हारी आहे."

"इथून काही हरवत नाही," शालिग्राम म्हणाला.

पावसाळ्याची ओल गाठोड्यांत शिरते. म्हणून दर वर्षी नवरात्र संपता संपता कपड्यालत्त्यांची गाठोडी फौजदाराच्या परवानगीने उघडायची, अंगणात ऊन द्यायचं, आणि दसऱ्याच्या दुपारी पुन्हा शिवून मोहर करायची असा रिवाज होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. शालिग्राम ती मालखान्यातही करी. कुणाच्या डोक्यात बसलेली कुऱ्हाड असो की दरोड्यातली तलवार, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. फौजदार जयसिंगराव दारात उभे राहून हसत. "अरे, त्या कुऱ्हाडीने जिवाजी कुंभाराला आडवा केलाय."

"तिला काय ठाऊक, साहेब," शालिग्राम म्हणे.

त्याच पाटावर तो आपली सुईही ठेवी. आणि इथे त्याच्या घराण्याची एक चाल होती, धारेहून आलेली, आजोबांच्याही आधीची. नवमीला पूजेत बसलेली सुई दसऱ्याच्या सकाळी उचलायची, आणि तिचा पहिला टाका परक्याच्या फाटक्या कपड्याला घालायचा. घरच्याला नाही, गिऱ्हाइकाला नाही. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही अशा कुणाला तरी. मगच वर्षाचं काम सुरू. एरवी शालिग्राम दसऱ्याला देवळाच्या दारात जाऊन एखाद्या भिकाऱ्याची गोधडी धरून बसे.

त्या वर्षी तो देवळापर्यंत गेलाच नाही. सकाळी मालखान्याच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यात गणोजीची बंडी होती. ऊन तिच्या आरपार येत होतं. डाव्या खांद्यामागून काखेपर्यंत वीतभर चीर गेली होती, आणि वाऱ्याने ती उघडमीट होत होती. शालिग्राम तिच्याकडे पाहत राहिला. मंडीच्या दारात थांबलेला माणूस, दोन बैल, सोनकच्छचा रस्ता, मार्गशीर्षातली पहाट. सुटेल तेव्हा हा हेच घालून जाणार. दसऱ्याला याहून परका कोण भेटणार होता?

डागाला त्याने हात लावला नाही. तेवढं तो जाणत होता. डाग वर ठेवून त्याने बाही बाजूला दुमडून घेतली. रक्त हा पुरावा, आणि फाटलेलं असणं ही गरिबी, असं त्याचं गणित होतं. बंडीच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथून त्याने तिचेच धागे एकेक करून ओढून काढले आणि त्या धाग्यांनी चीर विणायला बसला. एक धागा वर, एक खाली, जसा मागावर जातो तसा. खिडकीतलं ऊन पहिल्या गजावरून तिसऱ्या गजावर गेलं तेव्हा तो उठला. बंडी उन्हात धरली. चीर कुठे होती ते त्याचं त्याला सापडेना. आयुष्यात त्याने याहून चांगला रफू केला नव्हता, आणि तो दाखवायला कुणी नव्हतं याचंच त्याला बरं वाटलं.

दुपारी जयसिंगराव सीमोल्लंघनाच्या घाईत आले, भराभर मोहरा उठवून गेले.

खटला मार्गशीर्षात उभा राहिला. अदालतीत शालिग्रामचं काम ठरलेलं. गाठोडं टेबलावर ठेवायचं, न्यायाधीश विचारणार, "मोहर शाबूत?", याने म्हणायचं, "शाबूत." मग कातरीने टाके कापायचे आणि भिंतीशी उभं राहायचं.

गणोजीच्या बाजूने नीलकंठराव नावाचे वकील होते. वयाने थकलेले, पण आवाज खणखणीत. ते म्हणाले, "सरकार, साक्षीदार मुके झाले तर वस्तू बोलते. माझ्या अशिलाला मागून धरलं होतं. त्याची बंडी डाव्या खांद्यामागे टरकन फाटलेली आहे. समोरून मार खाणाऱ्याने मागून बंडी कशी फाडली, एवढंच फिर्यादीला विचारायचं आहे."

भिंतीशी उभ्या असलेल्या शालिग्रामचा हात टोपीत खोचलेल्या सुईकडे गेला.

न्यायाधीशांनी बंडी पसरवली. मागून पाहिली, पुढून पाहिली. उलटी केली. "कुठे फाटलीय, नीलकंठराव?"

नीलकंठराव चष्मा सावरत पुढे गेले. खांदा चाचपला. दुसरा खांदा चाचपला. मग हळूच अशिलाकडे वळले. गणोजी कठड्यावर ओणवा होऊन बंडीकडे पाहत होता, जशी गोठ्यात आपली गाय सोडून दुसरीच बांधलेली दिसावी. "या म्हारी बंडी नी हे, साब," तो म्हणाला. "म्हारी फाटी थी. ही कुणाची तरी दुसरी आहे."

अदालतीत हशा पिकला. सरकारी वकिलाने रक्ताचा डाग दाखवला, पंचनामा वाचला, त्यात फाटल्याचा शब्द नव्हता. संताजी डोक्याला बांधलेलं फडकं सावरत म्हणाला, "आधी म्हणतो फाटली, आता म्हणतो माझी नाही. उद्या म्हणेल, मी गणोजीच नाही." पुन्हा हशा. मागच्या भिंतीशी गणोजीची बायको सीता पदरात भाकरीचं गाठोडं घेऊन बसली होती. तिला मराठी नीट कळत नव्हती, पण हसणं कळत होतं.

न्यायाधीशांनी निकालासाठी चौथा दिवस नेमला. गणोजीला तीन वर्षं तरी होणार, असं बाहेर कुणीसं म्हणालं. शालिग्रामने बंडी पुन्हा गुंडाळली, शिवली, आणि पहिल्यांदाच त्याचा टाका सरळ पडला.

संध्याकाळी त्याने सुमंगलेला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे ज्वारीचं पीठ मळत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हणजे तुम्ही तिथे उभे होतात, आणि बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं नाही म्हणे. माझं लुगडं वर्षभर पदराशी फाटलंय, ते दिसलं नाही. तिकडे कोण कुठला गाडीवान, त्याला रफू. आणि रफू कसा, तर माणूस तुरुंगात जाईल असा."

"घरच्याला पहिला टाका चालत नाही, अगं."

"दुसरा चालतो की." तिने परात बाजूला सारली. मग ती म्हणाली, "सांगितलंत तर काय होईल?"

"नोकरी जाईल. मुद्देमालाला हात लावला म्हणून मलाच आत घालतील कदाचित."

"आणि नाही सांगितलंत तर?"

चुलीतला जाळ त्याने उगाच मागे ओढला, पुन्हा पुढे सारला.

"चौदा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले," सुमंगला म्हणाली, "की आमच्याकडे ठेवलेलं जसंच्या तसं परत मिळतं. आता काय सांगू, की त्याचं एवढं एक सोडून?"

दुसऱ्या दिवशी तो जयसिंगरावांच्या पुढे जाऊन उभा राहिला. फौजदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दार लोटायला सांगितलं.

"शालिग्राम, पंचनाम्यात फाटल्याचं लिहिलेलं नाही. न्यायाधीशांच्या डोळ्यांना फाटलेलं दिसलं नाही. मग ती फाटलेली नाही. समजलं?"

"पण ती फाटलेली होती, साहेब."

"होती. आता नाही. दसऱ्याला त्या गाठोड्यावर मोहर कुणाची उठलीय? माझी. मी बघून उठवली असं सगळे समजतात. तू बोललास की आपण दोघं गेलो." ते उठून खिडकीशी गेले. माणूस वाईट नव्हता. प्लेगाच्या साथीत त्यांनी स्वतः तिरड्यांना खांदा दिला होता. "तू इतकं चांगलं शिवायचंच कशाला, मूर्खा? चार ओबडधोबड टाके घातले असतेस तर आंधळ्यालाही दिसलं असतं."

"ओबडधोबड येत नाही मला," शालिग्राम म्हणाला. ते खरंच होतं, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

परत येऊन तो मालखान्यात बसला. फळीवर सगळी गाठोडी त्याच्याकडे पाठ करून बसली आहेत असं त्याला वाटलं. हा काय धंदा आपण चौदा वर्षं केला? आपण वस्तू राखतो असं म्हणत होतो. वस्तूला काय राखायचं, ती पडून राहतेच. राखायची होती ती तिच्यावर गेलेली वेळ. मंडीच्या दारातला तो एक क्षण, कुणाचा तरी हात, कुणाचा तरी हिसडा, एवढंच त्या चिरेत होतं. आणि आपण मायेने, अगदी निगुतीने, ते बुजवून टाकलं.

चौथ्या दिवशी न्यायाधीशांनी निकालाचा कागद हातात घेतला तेव्हा शालिग्राम भिंतीपासून सुटून पुढे आला. "सरकार, बंडी याचीच आहे. आणि ती फाटलेली होती. मी रफू केला."

जयसिंगरावांनी डोळे मिटून घेतले.

सरकारी वकील प्रथम चिडला, मग हसला. "सरकार, आरोपीची बायको चार दिवस कचेरीच्या दारात बसून आहे. राखणदाराचं मन द्रवलं असेल. रफू केला म्हणतो, तर दाखवू दे ना कुठे केला."

बंडी पुन्हा उघडली. न्यायाधीशांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मग कारकुनाने धरली. मग नीलकंठरावांनी, तीन वेळा चष्मा पुसून. अदालतीतला एक म्हातारा सोनार पुढे बोलावला, त्याची नजर बारीक म्हणून. त्यानेही मान हलवली. शालिग्राम बोट ठेवून सांगत होता, इथून सुरू होतो, असा खाली उतरतो, इथे काखेत मिळतो. सगळे बोटाकडे पाहत होते आणि त्यांना नुसतं कापड दिसत होतं.

"शालिग्राम," न्यायाधीश म्हणाले, "शपथेवर खोटं बोलण्याला शिक्षा आहे, हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सरकार. आतली दुमड बघावी. तिथून मी धागे काढलेत. एकोणीस."

दुमड उलटली. कारकुनाने टाचणीच्या टोकाने मोजलं. कापड तिथे विरळ होतं, जाळीसारखं, आणि एकोणीस धाग्यांची जागा रिकामी होती. पण सरकारी वकील म्हणाला, "जुनं कापड आहे. दुमडीत विरळ होणारच. धागे काढले हे दिसतं, पण घातले कुठे ते दिसत नाही."

न्यायाधीशांनी शालिग्रामकडे पाहिलं. "घातलेस तसे काढून दाखवता येतील?"

शालिग्रामने टोपीच्या कडेत खोचलेली सुई काढली.

रफू उसवायला करण्यापेक्षा जास्त डोळे लागतात. त्यात गाठ नसते, धरायला टोक नसतं. आपणच लपवलेलं आपणच शोधायचं. तो खिडकीखाली जमिनीवर बसला. पहिला धागा सापडायला फार वेळ गेला. लोक चुळबुळ करू लागले, कुणी विडी ओढायला बाहेर गेलं. मग सुईच्या टोकावर एक धागा आला, आणि त्याने तो ओढून मांडीवर ठेवला. मग दुसरा. बाहेर गेलेले परत येऊन दारात दाटीने उभे राहिले. पाचव्या धाग्याला कापडात केसाएवढी फट दिसली. सीता उठून पुढे आली, तिला कुणी अडवलं नाही. शालिग्रामचं डोकं खाली होतं. आपण काय करतोय ते त्याच्या हातांना कळत होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं, म्हणून तो त्यांच्याशी पुटपुटत होता, एखाद्या जनावराला बोलावं तसं. "हां. चला. हा एवढा."

एकोणिसावा धागा निघाला तेव्हा त्याने बंडी दोन्ही हातांनी वर धरली. वीतभर चीर, खांद्यामागून काखेपर्यंत. तिच्यातून खिडकीतला उजेड जमिनीवर पडला.

"आता मी शिंपी म्हणून सांगतो, सरकार," तो म्हणाला. "समोरून धरून ओढलं तर आधी गळपट्टी जाते, मग छाती उसवते. इथे दोन्हीला धक्का नाही. आणि चिरेच्या कडेचे हे तुटके तंतू बघा, सगळे मागे वळलेत. हिसका मागे बसलाय. धरणारा पाठीशी होता."

न्यायाधीशांनी चिरेवरून बोट फिरवलं. मग संताजीला पुढे बोलावलं, आणि बंडी त्याच्या हातात दिली. "धर. कुठे धरली होतीस ते दाखव."

संताजीने ती घेतली. त्याचं बोट आपसूक चिरेच्या वरच्या टोकाशी गेलं आणि तिथेच थांबलं. ऐकू येणारा कान त्याने न्यायाधीशांकडे केला. "हात लागला असेल, सरकार," तो पुटपुटला. "गर्दी होती. मी त्याला थांबवत होतो."

"आणि खुंटी?"

"डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्यावरचे म्हणाले, खुंटी होती. मग मी म्हणालो, होती."

गणोजी त्याच दुपारी सुटला. न्यायाधीशांनी निकालाखाली आणखी दोन ओळी लिहिल्या: राखणदाराने मुद्देमालात फेरफार केला, म्हणून त्याला मालखान्यातून काढावं; त्याने स्वतः येऊन सांगितलं, म्हणून याहून जास्त काही करू नये. जयसिंगरावांना नुसती समज मिळाली. बाहेर आल्यावर ते शालिग्रामला म्हणाले, "गेलास ना शेवटी?" आणि मग, पागोटं नीट करत, "घरी लग्नाचा शालू आहे एक. जरीपाशी उंदराने कुरतडलाय. पाठवून देतो."

नव्या राखणदाराचं नाव भगवंत. पोरगा नव्हता तो, चांगला तिशीचा, पण शालिग्रामने त्याला नऊ दिवस सोडलं नाही. एकेक गाठोडं खाली उतरवून सांगायचा: हे कुणाचं, कधीचं, याला उजवीकडून धरायचं, यात काच आहे, या फळीला वाळवी लवकर लागते. भगवंत जांभया देत ऐकायचा. "मास्तर, चिठ्ठीवर लिहिलेलं आहे की सगळं." शालिग्राम म्हणायचा, "चिठ्ठीवर नाव असतं. हे वेगळं."

नवव्या दिवशी गणोजी बंडी घ्यायला आला. निकाल लागला की वस्तू धन्याला परत. अंगठा उठवायचा आणि घेऊन जायचं. भगवंतने कागद पुढे केला, गणोजीने अंगठा उठवला. शालिग्रामने बंडी त्याच्या हातात दिली. बाहीवरचा डाग काळपट पडला होता, पाठीवरची चीर उघडीच होती. ते एकोणीस धागे शालिग्रामने एका पुडीत घालून ठेवले होते. तीही त्याने दिली.

"बस इथे," शालिग्राम म्हणाला. "आता ही कुणाचा पुरावा नाही. अर्ध्या तासात परत विणून देतो. थंडी आहे."

गणोजीने बंडी अंगात चढवली. पाठ वळवून सीतेला दाखवली; ती तोंडाला पदर लावून हसली.

"नी, भिया," गणोजी म्हणाला. "राहू दे अशीच. सोनकच्छला सगळे म्हणतील, गणोजीने खुंटी मारली, वकील चांगला होता म्हणून सुटला. मग मी त्यांच्याकडे पाठ करीन."

"अरे, पण आत वारा शिरेल. आणखी फाटत जाईल ती. कडेला दोन टाके तरी..."

"नका हात लावू, भिया. तुमच्या हाताची भीती वाटते."

भगवंत मोठ्याने हसला. शालिग्रामही हसला, पण सुई हातातच होती. गणोजीने बैल जुंपले, सीता मागे चढून बसली. गाडी भोपाळच्या रस्त्याकडे वळली. शालिग्राम कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत गाडीमागे चालत गेला, डोळे त्या वीतभर चिरेवर ठेवून. गाडी हादरे खात होती, आणि प्रत्येक हादऱ्याला ती जराशी उघडत होती. त्याला ते बघवत नव्हतं. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.